‘जास्त’ म्हणजे कशापेक्षा जास्त? इंग्रजीतली अतिरेकी विशेषणं आणि त्यांच्या ठरलेल्या जोड्या

परवा रात्री साडेदहाला भाचीनं एक मेल वाचायला पाठवला. ती पुण्यात भाड्यानं राहते, मालक चेन्नईचे, त्यांना मराठी येत नाही हिला तमिळ येत नाही, त्यामुळे सगळा व्यवहार इंग्रजीत. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट संपत आलंय आणि मालकांनी भाडं एकदम पाच हजारांनी वाढवतो म्हणून कळवलंय, तर हिनं तावातावानं लिहिलं होतं, युवर रेंट इज सुपरफ्लुअस. मी फोन लावला, म्हटलं अगं याचा अर्थ तुमचं भाडं अनावश्यक आहे असा होतो, ते म्हणतील बरं मग, देऊच नकोस.

ती वैतागली. ‘मामा, अॅपमध्ये बघूनच लिहिलंय मी. जास्त टाइप केलं की आठ-दहा शब्द येतात, सगळ्यांचा अर्थ तोच. त्यातला जरा वजनदार वाटला तो उचलला.’

आता यात तिची चूक किती आणि अॅपची किती हा वेगळा विषय, पण खरंच एक्सेसिव्ह, एक्झॉर्बिटंट, इनऑर्डिनेट, अनड्यू, एक्स्ट्रॅव्हगंट, सुपरफ्लुअस या सगळ्यांपुढे इंग्रजी-मराठी डिक्शनरीत ‘जास्त, अति, अवाजवी, प्रमाणाबाहेर’ हेच चार शब्द उलटसुलट क्रमानं छापलेले असतात. मी गेली वीसेक वर्षं भाषांतराचं काम करतोय, बहुतेक कोर्टाची कागदपत्रं, करारनामे, सर्टिफिकिटं, आणि सुरुवातीची काही वर्षं मीही असाच वजनदार शब्द उचलायचो.

तर तिला मी उलटा प्रश्न विचारला. म्हटलं, मला सांग, ‘अतोनात भाडं’ म्हणशील का?

‘छे. अतोनात हाल. अतोनात नुकसान.’

मग ‘मुसळधार गर्दी’?

‘गर्दी तोबा असते मामा. किंवा अलोट.’

‘बेसुमार थंडी’?

‘कडाक्याची. बेसुमार वृक्षतोड असते.’

का पण? बेसुमार म्हणजे मोजता येणार नाही इतकं, फारसीतला शुमार म्हणजे मोजदाद, आपण सुमारे म्हणतो तोच सुमार. मग थंडी काय मोजता येते? थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘असंच म्हणतात.’

हे ‘असंच म्हणतात’ म्हणजेच आजचा विषय. भाषाशास्त्रात याला कोलोकेशन म्हणतात, म्हणजे शब्दांची ठरलेली सोबत. ही कल्पना भाषेच्या अभ्यासात रुजवली ती जे. आर. फर्थ या इंग्लिश माणसानं, आणि हा गृहस्थ १९१९ ते १९२८ लाहोरला, पंजाब विद्यापीठात इंग्रजीचा प्रोफेसर होता, पुढे लंडनला गेला. १९५७ मध्ये त्यानं जे लिहिलं त्याचा मतितार्थ असा की शब्द ओळखायचा तर तो कोणाच्या संगतीत फिरतो ते बघा. आपल्याकडे मुलांच्या बाबतीत आईवडील नेमकं हेच करतात. त्याचा विद्यार्थी हॅलिडे, त्यानं दिलेलं उदाहरण तर आपल्या टपरीवरचंच आहे, इंग्रजीत चहा स्ट्राँग असतो, पॉवरफुल नसतो, आणि गाडीचं इंजिन पॉवरफुल असतं. दोन्हीचा अर्थ जोरदार. आपण चहाला कडक म्हणतो, आणि जोरदार चहा कोणी मागितला तर टपरीवाला कपाऐवजी आपल्याकडेच बघत बसेल.

पण मला वाटतं नुसतं ‘असंच म्हणतात’ म्हणून सोडून द्यायची गरज नाही, निदान या अतिरेकवाल्या शब्दांच्या बाबतीत तरी नाही. कारण यातल्या प्रत्येकाच्या पोटात एक रेघ लपलेली असते. जास्त म्हणजे कशाच्या तरी पलीकडे, आणि ते ‘कशाच्या’ प्रत्येक शब्दागणिक वेगळं असतं. एखादा शब्द मर्यादेच्या रेघेपासून मोजतो, एखादा हक्काच्या, एखादा गरजेच्या. ती रेघ दिसली की कुठलं नाम जवळ येणार हे बऱ्याच वेळा आपोआप कळतं. नेहमी नाही, पण बऱ्याच वेळा.

सगळ्यात साधा गडी एक्सेसिव्ह. मूळ लॅटिन अर्थ ओलांडून पुढे गेलेलं. याचं कोणाशीही जमतं, फोर्स, स्पीड, नॉइज, ब्लीडिंग, ड्रिंकिंग, हीट. पोलिसांनी गरजेपेक्षा जास्त बळ वापरलं की ते एक्सेसिव्ह फोर्स, डॉक्टरच्या रिपोर्टवर एक्सेसिव्ह ब्लीडिंग, आणि अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या १७९१ च्या आठव्या दुरुस्तीत जामिनाच्या रकमेलाही एक्सेसिव्हच लावलंय आणि दंडालाही, तेही त्यांनी इंग्लंडच्या १६८९ च्या बिल ऑफ राइट्समधून घेतलेलं. म्हणजे तीनशेच्या वर वर्षं ही जोडी टिकून आहे. काहीच सुचलं नाही तर एक्सेसिव्ह वापरा, वाक्य फार तर जरा सपाट होईल, हसू होणार नाही.

एक अट आहे पण. एक्सेसिव्ह हा तक्रारीचा शब्द आहे, कौतुकाचा नाही. हे मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. नवीन होतो तेव्हा एका निवृत्त होणाऱ्या सरांचं मानपत्र इंग्रजीत करायला आलं होतं, मुलगा परदेशात आणि नातवंडांना मराठी वाचता येत नाही म्हणून. मूळ मराठी छान होतं, अमाप उत्साह, विद्यार्थ्यांवर अतोनात प्रेम, अविरत कष्ट वगैरे. मी अमाप आणि अतोनात दोन्हीला एक्सेसिव्ह ठोकला. ही हॅड एक्सेसिव्ह लव्ह फॉर हिज स्टुडंट्स. छापायच्या आधी त्यांच्या सुनेनं वाचलं म्हणून वाचलो, नाहीतर मानपत्र म्हणून चौकशी अहवाल फ्रेम होऊन भिंतीवर लागला असता. अमापला तिथं बाउंडलेस हवं होतं, प्रेमाला फार तर इमेन्स. बाउंडलेस एनर्जी, इमेन्स अफेक्शन. हे दोन शब्द किती ते सांगतात, अति झालं असं म्हणत नाहीत.

अशा चांगल्या-वाईट छटेला सिमँटिक प्रॉसडी म्हणतात, नाव सोडून द्या, गोष्ट लक्षात ठेवा. जॉन सिंक्लेअर नावाच्या प्रोफेसरांनी बर्मिंगहॅमला कॉम्प्युटरमध्ये लाखो वाक्यं भरून त्यातून डिक्शनरी काढली होती, १९८७ ची कोबिल्ड, आणि त्यांना असं दिसलं की सेट इन हे साधंसुधं क्रियापद जवळजवळ नेहमी वाईट गोष्टींबरोबर येतं, कुजणं, निराशा, इन्फेक्शन. डिक्शनरीतल्या अर्थात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. आपलं अतोनात तसंच आहे बघा, हाल, नुकसान, त्रास, छळ, आणि मधूनच एकटं प्रेम. अतोनात नफा मी तरी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, व्यापाऱ्याच्या तर नाहीच नाही.

एक्सेसिव्हचा चुलतभाऊ म्हणजे नुसता एक्सेस, आणि यात आपले लोक हमखास घोटाळा करतात. एअरपोर्टवर बॅग काट्यावर ठेवली, पंधरा किलोची मुभा आणि भरले अठरा, तर वरचे तीन किलो एक्सेस बॅगेज. एक्सेसिव्ह बॅगेज नाही. रेल्वेत टीसी जी पावती फाडतो ती एक्सेस फेअर तिकीट. फरक असा की एक्सेसला आकडा लागतो, कोणीतरी आधीच लिमिट ठरवलेलं असतं आणि वरचा हिशेब करता येतो, त्यात राग नसतो लोभ नसतो. एक्सेसिव्हला आकडा लागत नाही, मत लागतं. काउंटरवरची मुलगी म्हणेल एक्सेस, आणि तुम्ही चार बॅगा घेऊन दोन दिवसांच्या ट्रिपला निघालात तर सोबतची माणसं म्हणतील एक्सेसिव्ह.

पावसाच्या बातम्यांत हे फार छान दिसतं. हवामान खात्याच्या इंग्रजीत हेवी रेन आणि एक्सेस रेन या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पडला की हेवी, ११५.६ ते २०४.४ पर्यंत व्हेरी हेवी, त्याच्या वर एक्स्ट्रीमली हेवी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला तो याच शेवटच्या खान्यात. आणि एक्सेस म्हणजे काय, तर आठवडाभराचा किंवा सबंध सीझनचा पाऊस सरासरीच्या वर २० ते ५९ टक्के असेल तर एक्सेस, ६० टक्के किंवा जास्त असेल तर लार्ज एक्सेस. म्हणजे जिथं मुळातच पाऊस कमी अशा माण-खटावकडे एखाद्या आठवड्यात एक्सेस रेन झाला तरी तो कोकणातल्या एका बऱ्यापैकी आठवड्याएवढासुद्धा नसेल. मराठी बातमीत या दोन्हीचं भाषांतर सरळ ‘अतिवृष्टी’ करून टाकतात, आणि तो तर महसूल खात्याचा तिसराच शब्द, महसुली मंडळात, म्हणजे गावांच्या एका गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, कारण नुकसानभरपाईचं गणित त्यावर चालतं. शेतकऱ्याला त्या एका शब्दावर पैसे मिळतात किंवा मिळत नाहीत.

आता भाड्याकडे येऊ, कारण भाची तिकडे फोन धरून बसलेली. पैशाच्या जास्तपणाचा इंग्रजीतला खास शब्द एक्झॉर्बिटंट. मला हा शब्द मनापासून आवडतो कारण त्याचं मूळ आपल्या एका शब्दाला जुळं आहे. लॅटिनमध्ये ऑर्बिटा म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली वाट, आणि एक्स म्हणजे बाहेर. चाकांची वाट म्हणजे आपली चाकोरी! एक्झॉर्बिटंट म्हणजे शब्दशः चाकोरी सोडून गेलेलं. आपल्याकडे चाकोरीबाहेरचं म्हटलं की ते कौतुक होतं, चाकोरीबाहेरचं करिअर, चाकोरीबाहेरचा सिनेमा, आणि इंग्रजीत तीच गाडी चाकोरीबाहेर गेली ती थेट खिशावर आदळली. प्राइस, रेंट, फी, इंटरेस्ट, हॉस्पिटलचं बिल, खंडणीखोराची डिमांड, झालं, एवढ्यातच त्याचा संसार. एक्झॉर्बिटंट रेन नाही, एक्झॉर्बिटंट नॉइज नाही, एक्झॉर्बिटंट वेट तर नाहीच नाही.

मराठीत याची बरोबर जागा घेणारा शब्द डिक्शनरीत देतात तो ‘अवाजवी’, पण माझ्या मते खरा जोडीदार ‘अव्वाच्या सव्वा’ आहे. तेही असंच फक्त पैशाला लागतं, अव्वाच्या सव्वा भाव, अव्वाच्या सव्वा बिल. २०२० मध्ये कोविडच्या पहिल्या लाटेत राज्य सरकारला प्रायव्हेट हॉस्पिटलच्या ८० टक्के बेडचे दर ठरवून द्यावे लागले तेव्हा इंग्रजी पेपरांच्या बातमीत एक्झॉर्बिटंट बिल्स आणि मराठीत अव्वाच्या सव्वा बिलं हे इतकं चपखल बसत होतं की मला दोन पेपर शेजारी ठेवून वाचायला मजा यायची, बिलं भरणाऱ्यांना अर्थातच नाही. भरमसाटही चालतं, पण भरमसाट जरा सैल आहे, भरमसाट फी असते तसे भरमसाट कपडेही असतात.

एक्झॉर्बिटंटच्या वरची पायरी एक्स्टॉर्शनेट. त्यात पिळून काढणं आहे, लॅटिन मूळच पिळण्याचं. एक्झॉर्बिटंट भाव लावणारा दुकानदार महाग असतो, एक्स्टॉर्शनेट लावणारा लुटारू असतो. आणि खालची पायरी स्टीप, म्हणजे चढणीचा, हे तक्रार करताना सगळ्यात सभ्य, घाट जरा चढणीचा आहे हो, असं म्हटल्यासारखं. भाचीला मी म्हटलं तुला पुढचं वर्षही तिथंच राहायचंय ना, मग एक्झॉर्बिटंट लिहू नकोस, तो शब्द भांडण ठरलेलं असेल तेव्हाचा.

यावर तिनं विचारलं, ‘मग डिपॉझिटही वाढवून मागितलंय, त्याबद्दल काय लिहू? हेवी डिपॉझिट तर बरोबर आहे ना, सगळे एजंट म्हणतात.’

हा हेवी म्हणजे एक प्रकरणच आहे. इंग्रजीत हेवी रेन, हेवी ट्रॅफिक, हेवी लॉसेस, हेवी फाइन, हेवी स्मोकर हे सगळं बरोबर, म्हणजे स्मोकर वजनानं कितीही बारीक असला तरी. पण आपण मराठीत हेवीला दत्तक घेऊन त्याचं दुसरंच काहीतरी केलंय. हेवी जेवण झालं, साडीवर हेवी वर्क आहे, पिक्चरमधला डायलॉग एकदम हेवी होता. आणि मुंबई-पुण्याच्या एजंट लोकांचं हेवी डिपॉझिट म्हणजे डिपॉझिट जास्त आहे अशी तक्रार नव्हेच, तो भाड्याचा एक प्रकार आहे, एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं. इथं ते शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे असं मी मानतो, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला कळतं ना, मग झालं. पण लंडनमध्ये घर शोधताना हेवी डिपॉझिट विचारलंत तर समोरच्याला बोध होणार नाही, आणि चेन्नईच्या मालकांना मेलमध्ये लिहिलंत तर त्यांचा भलताच गैरसमज व्हायचा. तक्रारच करायची तर लार्ज म्हणा, किंवा अनरीझनेबल.

आता माझा सगळ्यात आवडता, अनड्यू. हा वकिलांचा शब्द आहे त्यामुळे माझ्या टेबलावर रोज असतो. ड्यू म्हणजे देय, हक्काचं, रास्त. ड्यू डेट मधला ड्यू तोच. त्यामुळे अनड्यू म्हणजे आकारानं जास्त असं नाही, हक्कापेक्षा जास्त, जे मिळायला नको होतं ते. मराठीतला अवाजवी घडणीनं अगदी हाच, वाजवी अरबीतल्या वाजिब वरून आलेला, आणि त्याच्या आधी अ. अनड्यू इन्फ्लुअन्स, अनड्यू प्रेशर, अनड्यू हेस्ट, अनड्यू डिले, अनड्यू अॅडव्हान्टेज. बघा, यातली एकही वस्तू वजनकाट्यावर ठेवता येत नाही. दबाव, घाई, उशीर, फायदा. अनड्यू शुगर किंवा अनड्यू पीपल असं काही नसतं.

इंडियन कॉन्ट्रॅक्ट अॅक्ट, १८७२ चा कायदा, त्याचं कलम १६ अनड्यू इन्फ्लुअन्सवर आहे, आताचं रूप १८९९ च्या दुरुस्तीचं. एका माणसाची दुसऱ्यावर इतकी पकड असते की त्याच्या मनाविरुद्ध करार करून घेता येतो, आणि तो ती पकड वापरून गैरफायदा उपटतो, असं ते. कलमाखाली चार उदाहरणं दिलीत आणि ती वाचताना मला नेहमी वाटतं की विशेषणं कशी निवडावीत याचा क्लासच आहे. पहिल्यात बाप आहे, मुलगा अज्ञान असताना त्याला पैसे दिलेले, मुलगा सज्ञान झाल्यावर देण्यापेक्षा मोठ्या रकमेचा बॉण्ड लिहून घेतो. दुसऱ्यात आजारानं किंवा म्हातारपणानं खचलेला माणूस आणि त्याची काळजी घेणारा डॉक्टर, तो फी म्हणून जी रक्कम कबूल करून घेतो तिला अनरीझनेबल म्हटलंय. तिसऱ्यात गावचा सावकार, आधीच कर्जात असलेल्याला नवीन कर्ज देतो, त्याच्या अटींना शब्द वापरलाय अनकॉन्शनेबल, म्हणजे सदसद्विवेकबुद्धीला न पटणाऱ्या, मनाची नाही पण जनाची तरी ठेवावी अशा अर्थाचा. आणि चौथं उदाहरण भारी आहे. बाजारात पैशाची चणचण आहे, बँकर म्हणतो व्याज जास्त घेईन नाहीतर कर्ज नाही, समोरचा कबूल करतो. इथं कायदा व्याजाला काय म्हणतो? अनयूजुअली हाय. नेहमीपेक्षा चढं, एवढंच. ना अनकॉन्शनेबल ना अनरीझनेबल. आणि पुढे सांगतो की हा नेहमीचा धंद्याचा व्यवहार आहे, अनड्यू इन्फ्लुअन्स नाही.

म्हणजे सावकार आणि बँकर दोघंही जास्त व्याज घेतायत पण एकाला एक विशेषण आणि दुसऱ्याला दुसरं, आणि त्या विशेषणातच निकाल आहे. याला मराठीत ‘जास्त व्याज’ आणि ‘जास्त व्याज’ असं भाषांतर केलं तर कलमाचा प्राणच गेला. (सावकारावर खार आणि बँकरला मोकळं का, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर मलाही पडतो, पण तो आजचा विषय नाही.)

अनड्यूची दुसरी हक्काची जागा निवडणूक. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२३ मध्ये, मतदारावर अनड्यू इन्फ्लुअन्स टाकणं हा भ्रष्टाचार धरलाय. आणि २०१८ मध्ये लाचलुचपतीचा कायदा दुरुस्त केला तेव्हा लाचेसाठी अनड्यू अॅडव्हान्टेज हा शब्द आणला, म्हणजे कायदेशीर पगाराव्यतिरिक्त काहीही. पाकिटात पाचशे असोत की पाच लाख, ते हक्काचं नाही एवढ्यावर अनड्यू. रकमेचा संबंधच नाही. इथं एक्सेसिव्ह अॅडव्हान्टेज लिहिलं असतं तर अर्थ काय झाला असता विचार करा, की थोडी लाच ठीक आहे, फार नको.

उशिराला दोन विशेषणं लागतात, अनड्यू डिले आणि इनऑर्डिनेट डिले, आणि कोर्टाच्या कागदात दोन्ही इतकी शेजारीशेजारी येतात की भाषांतर करताना डोकं धरायची वेळ येते. इनऑर्डिनेट म्हणजे मूळ अर्थानं ऑर्डर सोडून गेलेलं, कुठलाच क्रम आणि प्रमाण न पाळणारं, आणि का कोण जाणे या शब्दाला वेळेची फार ओढ आहे. इनऑर्डिनेट डिले, इनऑर्डिनेट अमाउंट ऑफ टाइम. २०१४ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं १५ जणांची फाशी जन्मठेपेवर आणली, बहुतेकांची दयेच्या अर्जांवर वर्षानुवर्षं निर्णय न झाल्याच्या कारणावरून, तो डिले इनऑर्डिनेट. मी मराठीत त्याला ‘अक्षम्य दिरंगाई’ लिहितो. कोणी ‘अतिविलंब’ लिहितं, चूक नाही, पण दिरंगाई म्हटलं की फाइल टेबलावर पडलेली दिसते, विलंब म्हटलं की नुसती तारीख दिसते. अनड्यू डिले त्या मानानं सौम्य, योग्य तेवढा वेळ घ्या पण त्यावर नको, असं सांगणारा.

बाकीचे शब्द भराभर सांगतो. एक्स्ट्रॅव्हगंट म्हणजे हद्दीबाहेर भटकणारा, तो हौसेला आणि बडबडीला लागतो, एक्स्ट्रॅव्हगंट वेडिंग, एक्स्ट्रॅव्हगंट क्लेम्स, आपल्या वारेमापसारखा, वारेमाप खर्च आणि वारेमाप आश्वासनं. लॅव्हिश त्याचा सज्जन भाऊ, त्यात नावं ठेवणं कमी आणि थाट जास्त, आणि त्याचं जुनं फ्रेंच मूळ म्हणे मुसळधार पाऊस असं आहे, म्हणजे लॅव्हिश लग्नात पैसा पाण्यासारखा वाहतो ते अगदी मुळापासून. रॅम्पंट पसरणाऱ्या गोष्टींना, रॅम्पंट करप्शन, आपल्याकडचा बेसुमार वाळूउपसा इंग्रजी पेपरात रॅम्पंट सँड मायनिंग होतो ते बरोबरच. ओव्हरवीनिंग फक्त गर्वाला, महत्त्वाकांक्षेला आणि आत्मविश्वासाला, आणि इथं मराठीनं काय सुंदर शब्द ठेवलाय, फाजील. फाजील आत्मविश्वास, फाजील लाड. तिसरं नाम शोधून बघा, पटकन सापडत नाही.

आणि राहिला तो सुपरफ्लुअस, ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं. वरून वाहून गेलेलं, भांडं भरलं आणि ओसंडलं ते. त्याची रेघ गरजेची आहे. गरज भागली, त्यावरचं नको असलेलं. शब्द, तपशील, प्रश्न, आणि पार्लरच्या बोर्डावर लिहितात ते नको असलेले केस, यांना लागतो. त्याचा जुळा रिडंडंट, त्याच्या मुळात लाट आहे, उलटून परत येणारी. ब्रिटनमध्ये नोकरी गेली की माणसाला रिडंडंट केलं म्हणतात, वाईट आहे पण म्हणतात, आणि तोच शब्द कॉम्प्युटरवाल्यांकडे कौतुकाचा, एक सर्व्हर बंद पडला तर दुसरा हवा म्हणून ठेवलेला रिडंडंट सर्व्हर. भाची आयटीतच आहे, ती म्हणाली हो आमच्याकडे सिस्टीम रिडंडंट असली की क्लायंट खूश आणि आम्ही रिडंडंट झालो की एचआर खूश.

एक छोटी गोष्ट राहिली, टू. आपण टू गुड, टू मच टेस्टी म्हणतो ते खूपच्या अर्थानं. इंग्रजीत टू म्हणजे रेघ ओलांडली. द टी इज व्हेरी स्वीट म्हणजे चहा छान गोड आहे असंही असू शकतं, टू स्वीट म्हणजे पीत नाही. मराठीत खूप आणि जास्त यांच्यात हाच फरक आहे, ‘खूप साखर घातलीय’ आणि ‘साखर जास्त झालीय’. दुसरं वाक्य ऐकलं की करणारीचा चेहरा पडतो. आपल्याला हे आईच्या स्वयंपाकघरापासून माहितीये, फक्त इंग्रजी बोलताना विसरायला होतं.

मेल शेवटी असा झाला. भाडेवाढीला अ बिट स्टीप म्हटलं, डिपॉझिट वाढवून मागितलं होतं त्याला अनरीझनेबल लिहायचं होतं तिला, ते मी काढायला लावलं आणि हायर दॅन यूजुअल केलं, त्या चौथ्या उदाहरणातल्या बँकरची आठवण ठेवून. एक्झॉर्बिटंट आम्ही राखून ठेवला. दोन दिवसांनी मालकांचं उत्तर आलं, वाढ पाचऐवजी तीन हजार, डिपॉझिट आहे तेवढंच, आणि घर सोडाल तेव्हा ते विदाउट अनड्यू डिले परत मिळेल.

भाचीनं स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, म्हणजे थोडा डिले ड्यू आहे का?’